सुरीचं साल

इंदूताईंच्या भाचीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या स्टँडवर पारनेरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. "काका, आत्या गेली हो... सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसली आणि..." पुढचं तिला बोलवेना. मी पिशवी उचलली आणि तसाच रिक्षाला हात केला. त्याला आता दीड महिना झाला. इंदूताईंवर लिहायचं म्हणून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं, तर माझ्या घराबद्दलही लिहावं लागतं.

आम्ही दोघंही पारनेर तालुक्यातल्या एकाच गावचे. नोकरी केली श्रीरामपुरात, एकाच शाळेत. त्या गणित शिकवायच्या, मी विज्ञान. गावात माझं घर पाटलांचं. त्यांचं घर वेशीबाहेरचं. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, छप्पन्न साली धम्म स्वीकारला आणि पोरांना शिकवायचंच, या एका हट्टावर बिऱ्हाड श्रीरामपूरला आणलं. स्टाफरूममध्ये तीस वर्षं शेजारी बसलो, डबे वाटून खाल्ले, पण गावाचा विषय निघाला की दोघंही बोलणं दुसरीकडे वळवायचो. का, ते दोघांनाही ठाऊक होतं.

ताईंचे आजोबा सखाराम. तरुणपणी ते शिकारीला आलेल्या एका साहेबाच्या तळावर हाकाऱ्याचं काम करत, म्हणजे आरडाओरडा करून रानातली काळविटं साहेबाच्या बंदुकीसमोर आणायची. तळ उठला तेव्हा साहेबाची शिकारीची सुरी सापडेना. गावच्या पाटलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, सखारामचं नाव सांगितलं. सुरी काही मिळाली नाही, पण सखाराम तुरुंगात गेले. सुटल्यावर गावात परतलेच नाहीत. पंचवीसेक वर्षांनी आले, ते कमरेला सुरी लावून. गावानं लगेच ठरवलं की पुरून ठेवलेली सुरी आता उकरून काढली. तेव्हापासून ते घर 'सुरीवाल्याचं' झालं, आणि ताईंच्या वडिलांना शाळेत मुलं त्याच नावानं हाक मारायची.

निवृत्तीनंतर गावच्या शाळेच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला आम्हा दोघांना बोलावलं होतं. ओळख करून देणारे गृहस्थ वयानं मोठे, मनानं वाईट नव्हेत. माईकवरून म्हणाले, "ह्या आपल्या सुरीवाल्या सख्याच्या नातीबाई बरं का!" मांडवात हशा पिकला. मी पहिल्या रांगेत होतो... आणि मीही हसलो. ताईंनी ते पाहिलं. भाषणात मुलींच्या शिक्षणाबद्दल जे बोलायचं ते बोलल्या आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात. हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली सुरी. ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. वीतभर पातं, एकाच बाजूला धार, टोकाकडे पाठ खाली उतरत गेलेली. सांबराच्या शिंगाची मूठ आणि मधे पितळेची आडपट्टी. ताईंनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, ही कधी बनली ते मला काढायचंय. चोरीच्या आधीची निघाली तर तसं, नंतरची निघाली तर तसं. पण ऐकीव नको."

"आणि आधीची निघाली तर?" मी विचारलं.

"तर तेही गावात जाऊन सांगेन."

सुरुवात भिंगारला केली. तिथे कॅम्पाजवळ उस्मानचाचा म्हणून एक वयोवृद्ध धारवाले आहेत. त्यांच्या वडिलांपासून फौजेतल्या लोकांच्या सुऱ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. चाचांनी सुरी उन्हात धरली, नखानं मूठ वाजवली, पात्याच्या मुळाशी, जिथे धार नसते तिथे, अंगठा फिरवला. "इथं खूण हाय बाई. गंज चढलाय. पन घासू नका. पॉलिश तर बिलकूल न्हाई. लोकं चकाचक करत्यात आन सालच पुसून टाकत्यात." मग त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे ताईंचं काम सुरू झालं. रोज सकाळी रॉकेलचा बोळा, बांबूची टोकदार काडी आणि माझ्या प्रयोगशाळेतलं जुनं भिंग. एका बैठकीला तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी व्हायची. तीन आठवड्यांनी एक मुकुट दिसला. मुकुटाच्या एका बाजूला जी, दुसऱ्या बाजूला आर.

पल्लवीनं मोबाईलवर अशा खुणांचे फोटो शोधून काढले. इंग्लंडचे सुरी बनवणारे त्या त्या वेळच्या राजाची किंवा राणीची अक्षरं पात्यावर मारत. जी म्हणजे जॉर्ज, आर म्हणजे रेक्स, राजा. चोरी झाली ती इंग्लंडच्या राणीच्या राज्यात, म्हणजे एकोणीसशे एकच्या आधी, असं सगळं गाव म्हणत आलेलं. आणि जॉर्ज गादीवर आला राणीनंतर, तिच्या मुलाचंही राज्य संपल्यावर. ताईंचा चेहरा उजळला होता. तेवढ्यात मी म्हणालो, "पण ताई, राणीच्या आधीही जॉर्ज नावाचे राजे होऊन गेलेत. सुरी त्यांच्या वेळची असली तर?"

शंका बरोबर होती. पण ती मी विज्ञानाचा मास्तर म्हणून काढली की पाटलांचा पणतू म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. ताईंनी पुन्हा बोळा रॉकेलमध्ये बुडवला. मग भिंग उचललं. "बरोबर आहे. अजून गंज आहे. अजून बघू."

आणखी दोन महिने. पात्यावर, आडपट्टीच्या अगदी कडेला, अर्धवट झिजलेली, अक्षरांची एक बारीक ओळ निघाली, 'मेड इन इंग्लंड'. त्या दिवशी ताईंनी मला फोनवर नुसतं "या" एवढंच सांगितलं. जुन्या जॉर्ज राजांच्या वेळी मालावर देशाचं नाव छापायची रीतच नव्हती. ती आली राणीच्या अखेरच्या काळात. म्हणजे हे शब्द आणि जॉर्जची अक्षरं एकाच पात्यावर असतील, तर तो जॉर्ज राणीच्या नंतरचाच. माझ्या शंकेला जागा उरली नाही.

"आता फक्त चोरीचं साल पाहिजे," ताई म्हणाल्या. "गाव राणीच्या राज्यात म्हणतं, पण तेही ऐकीवच. कागद असता तर..."

कागद होता. आमच्या घरी, पणजोबांच्या दप्तरात, सखारामचं नाव त्यांनी सरकारात कळवलं त्याची नक्कल म्हणून मोडीत लिहिलेला. वडिलांनी मरण्यापूर्वी मला तो दाखवला होता आणि सांगितलं होतं, राहू दे, कुणाला देऊ नकोस. ताई रॉकेलनं हात काळे करत होत्या ते सगळे महिने तो माझ्या कपाटात होता. त्या संध्याकाळी मी घरी गेलो, जेवलो नाही. सकाळी कागद नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. वाटलं, आता दार दाखवतील. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, चष्मा काढला. "किती दिवस होता तुमच्याकडे?" मी खरं ते सांगितलं. "उशीर केलात, सर," एवढंच म्हणाल्या आणि मोडी वाचणाऱ्याकडे नगरला कधी जायचं ते विचारलं. कागदावर साल स्पष्ट होतं. राणी हयात होती. साहेबाची सुरी हरवली तेव्हा ही सुरी घडलेलीच नव्हती.

ताईंच्या घरात आनंद झाला, पण त्यातही एक गाठ होती. घरी अशी गोष्ट सांगत की सखारामनं पुढे एका साहेबाला बिबट्यापासून वाचवलं आणि त्यानं ही सुरी बक्षीस दिली. ताईंनी हकिकत लिहून काढली तेव्हा ते वाक्य त्यात नव्हतं. धाकटा भाऊ, पल्लवीचे वडील, कळवळून म्हणाले, "अक्का, तेवढं तरी राहू दे. आपल्या अण्णांना ती गोष्ट लई आवडायची." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वाक्य आलं नाही. "चोरीला पुरावा मागितला ना आपण? मग बक्षिसालाही मागायला हवा."

मग आम्ही गावात गेलो. शाळेच्या ओसरीवर पन्नासेक माणसं जमली. एकजण म्हणाला, "आता कशाला उकरून काढता, बाई? कोन ऱ्हायलंय त्यातलं?"

"मी राहिलेय," ताई म्हणाल्या.

त्यांनी सुरी दाखवली, भिंग दिलं, ज्याला पाहायचं त्याला पाहू दिलं. मग मी नगरला देवनागरीत उतरवून घेतलेला कागद वाचायला उभा राहिलो. पणजोबांनी 'सख्या' लिहिलं होतं. मी 'सखाराम' वाचलं. ताईंनी मला थांबवलं. "जे लिहिलंय तेच वाचा, सर." मी वाचलं... सख्या. माझा आवाज मलाच परका वाटला. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. मग मागं बसलेली एक म्हातारी उठली. "आमी ऐकत आलो, तसंच म्हनत आलो. चुकलं आमचं, बाई." माझा चुलतभाऊ मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

गेल्या आठवड्यात पल्लवीनं मला ताईंच्या खोलीत नेलं. टेबलाच्या खणात सुरी होती, तेलाचा पातळ हात दिलेली, आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड. ताईंच्या त्याच सरळ, फळ्यावरच्या अक्षरात लांबी, मूठ, खूण, काळ, सगळं लिहिलेलं. खाली, 'साहेबाच्या चोरीची सुरी : ही नव्हे.' आणि त्याखाली, 'सखाराम यांच्याकडे कशी आली :' पुढे जागा कोरी. कार्डाच्या मागच्या बाजूला चौकशी कुठे कुठे करायची त्याची यादी. पहिल्या दोन नावांवर बरोबरची खूण, बाकीची सहा राहिलेली.

पल्लवीनं कार्डाचा फोटो काढला. "काका, तुम्ही मोडी शिकायला घेतलीय म्हणे?"

"घेतलीय. अजून अडखळतो."

"मग तिसरं नाव सोमवारी करू," ती म्हणाली. तिनं खण लावला आणि मी यादी माझ्या वहीत उतरवून घ्यायला ताईंच्या खुर्चीवर बसलो.