शेवटची लस

आमच्या डॉक्टरांकडे फ्लूची लस घ्यायला एरवी फारसं कुणी फिरकत नसे. शेजारच्या नलूताईंना दमा आहे. त्या मात्र दरवर्षी न चुकता जात, आणि जाताना माझंही दार वाजवत. "येतेस का गं?" मी हसून टाळायचे. साध्या सर्दीतापाला कसली आलीय लस!

करोनाच्या वर्षी दवाखान्याची रांग फाटकाबाहेर गेली. ही लस त्या आजाराची नव्हे, हे ठाऊक असूनही आम्ही सगळे बाह्या सरसावून उभे होतो. भीतीनं माणसं जेवढी लवकर ऐकतात, तेवढी मायेनं सांगितलेलं ऐकत नाहीत.

मी लस टोचून घेतली आणि नर्सनं दारात येऊन सांगितलं, "लस संपली. पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही."

माझ्या पाठोपाठ नलूताईच होत्या. मास्कआडून त्यांची धाप ऐकू येत होती. त्या म्हणाल्या, "पहिलीच वेळ ना तुझी? उद्या दंड थोडा दुखेल. घाबरू नकोस हं."

"बरं," एवढंच मी म्हणाले. तेही त्यांच्याकडे न बघता.