सूलला घेतलेली रायफल

सकाळी जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेनहून निघालो तेव्हा गाडीत तिघं होतो: मी, नवरा सतीश आणि आमच्या ओळखीचा जर्मन शिकारी ग्युंटर. ग्युंटरकडे एक रेव्हियर (शिकारीसाठी भाड्यानं घेतलेलं जंगल) आहे आणि त्यात एकाच पाहुण्या शिकाऱ्याची जागा रिकामी होती. याग्डशाइन (शिकारीचा परवाना) आम्हा दोघांकडेही आहे, पण जंगलाशिवाय तो नुसता कागद. जागा सतीशला हवी होती. ग्युंटरची अट: स्वतःची रायफल घे आणि माझ्यासमोर नेम दाखव.

सतीशचा उजवा खांदा अधू. म्हणून मी साडेसहा बाय पंचावन्न हे कॅलिबर (गोळीचं माप) शोधून ठेवलं होतं. हरणाला चालतं, रानडुकरासाठी कायद्यात बसतं, धक्का कमी.

सूल हे थुरिंगियाच्या डोंगरांतलं बंदुका घडवणारं गाव. आधी क्लोसं (बटाट्याचे उकडलेले गोळे) आणि रस्सा खाल्ला, मग दुकान.

"हे बायकांचं," मी दाखवलेली साडेसहाची रायफल बघून ग्युंटर हसला. "डुकराला जाड गोळी लागते, नऊ-तीनची."

"आणि खांदा?" मी सतीशला मराठीत विचारलं.

"अगं, पाचच गोळ्या. याच्यासमोर नको ना."

दुकानामागच्या शूटिंग रेंजवर सतीशनं जबर धक्क्याची नऊ-तीन हातात घेतली. पहिली गोळी बरी गेली. नंतर चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटू लागले. भोकं कागदभर पसरली.

"आल्झो (तर मग)," ग्युंटर म्हणाला, "डोळे मिटून माझ्या जंगलात कुणी गोळी झाडत नाही."

"साडेसहानं दाखवतो," सतीश म्हणाला, पण त्याचा हात वर जात नव्हता. ग्युंटरनं ती रायफल माझ्याकडे दिली. मी तीन गोळ्या झाडल्या; तिन्ही भोकं एका तळहाताखाली झाकली गेली.

"जागा तुझी. नको असेल तर आत्ताच सांग, दुसरे वाट बघतायत," ग्युंटर मला म्हणाला.

सतीश खांदा चोळत जमिनीकडे बघत होता. मी हो म्हटलं आणि रायफल माझ्या नावावर घेतली.

परतताना वुर्झबर्गजवळ ग्युंटर मागच्या सीटवर झोपला.

"नाही म्हणता आलं असतं तुला," सतीश म्हणाला.

"मग जागा परक्याला गेली असती."

"जाऊ द्यायची होती."



शिकारीच्या हंगामात रायफल उत्तम निघाली. एक हरीण आणि एक रानडुक्कर, दोन्ही एकेका गोळीत. आपल्या जंगलातल्या मटणाचा रस्सा करू, असं सतीश त्याआधी वर्षभर म्हणत होता. मी केला. त्यानं त्या दिवशी वरणभात खाल्ला.