पुंगळी आमचीच होती

आधीच सांगून टाकते, माळावर सापडलेली ती पुंगळी आमच्याच बंदुकीची होती. मी बारामतीहून शेळगावला पोचले तेव्हा आमच्या ओट्यावर निम्मं गाव जमलं होतं आणि जो तो दुसऱ्याला सांगत होता, ठसा जुळला, ठसा जुळला. जणू कुणाचं लग्नच जुळलं होतं.

झालं होतं असं. आमच्या बांधापलीकडच्या माळरानावर एक चिंकारा मरून पडला होता. अंगात छर्रे होते. जवळच बांधाच्या गवतात काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली. गावात परवान्याची बंदूक एकच, माझ्या वडिलांची, आबांची. उसात रानडुकरं शिरतात म्हणून आवाज काढायला घेतलेली. वनखात्याचे साहेब आले, बंदूक ताब्यात घेतली, घरातल्या दोन-चार जुन्या पुंगळ्या मागून घेतल्या आणि बुडाला बूड लावून बघितलं.

आता आमच्या बंदुकीला एक खोड आहे. डाव्या नळीची स्प्रिंग ढिली पडलीय. काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन बार झाल्यावर मागं सरकायला हवी, ती सरकत नाही. मग बंदूक मधून मोडून पुंगळी काढताना पिन बुडावर घासत जाते. दुसऱ्या कुणाच्या पुंगळीच्या बुडाला नुसता गोल खड्डा दिसेल, आमच्या खड्ड्याला शेपूट असतं. लहानपणी आम्ही त्याला बेडकाचं पिल्लू म्हणायचो. साहेबांनी ते शेपूट बघितलं आणि तिथंच बघणं थांबवलं. माझा राग तिथून सुरू होतो.

बारामतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. काचेवरचे ओरखडे बघून गिऱ्हाईक चष्मा कशानं पुसतं ते मी सांगते, पदरानं, शर्टाच्या टोकानं, की वर्तमानपत्राच्या बोळ्यानं. "नाही हो, तुम्ही दिलेल्या कापडानंच पुसतो," असं कुणी म्हणालं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. त्यापायी काही गिऱ्हाईकं तुटलीही आहेत.

आबा आत सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. आई गेल्यापासून ते कमीच बोलतात, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. आदल्या दिवसापासून ते जेवले नव्हते.

"आबा, तुमी मारलं का त्याला?"

"पुंगळी आपलीच हाय की."

"मी ते इचारलं न्हाय."

त्यांनी झाकलेलं ताट आणखी लांब सारलं. मग म्हणाले, "त्या सांजंला डुकरं आली म्हणून एक बार काढला, तेवढं ठावं हाय. माळाकडं गेलतो का न्हाय... गेलो आसंन. आताशा इसरायला हुतंय. मुकं जनावर मारलं गं मी."

आबा विसरतात, हे खरं आहे. विहिरीवरची मोटार चालू करून घरी येतात आणि ती चालू करायला पुन्हा जातात. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण केलेलं विसरणं वेगळं आणि न केलेलं आठवायला लागणं वेगळं. पुंगळीच्या चिमूटभर पितळेनं माझ्या बापाला स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला लावला होता. त्यांची बंदूक गेली असती, परवाना गेला असता, कोर्टकचेरी झाली असती, ते सगळं मी सोसलं असतं. हे मला सोसेना.

भावकीत मिटवामिटवी करायला तात्या पुढं असतात, आबांचे चुलतभाऊ. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब भला मानूस हाय. डुकरावर बार काढला, चुकून हरणाला लागला, असा जबाब द्यायचा. वयाकडं बघत्याल. ताणायचं न्हाय."

"आणि केलंच नसंल तर?"

"ठसा काय खोटं बोलतोय व्हय?"

"ठसा खरंच बोलतोय तात्या. पण तुमी सगळ्यांनी मिळून त्याला एकच प्रश्न इचारलाय."

हे मी रागाच्या भरात बोलले. दुसरा प्रश्न कोणता, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं इंदापूरला साहेबांच्या कचेरीत गेलो. जबाब लिहून तयार होता. फक्त सही बाकी. आबांनी पेन हातात घेतलंसुद्धा. मी म्हणाले, "आधी मला पुंगळी बघू द्या."

"मुद्देमाल आहे, हात लावता येणार नाही."

"हात नाही लावत, डोळे लावते," म्हणून मी पर्समधलं भिंग काढलं. तात्यांनी कपाळाला हात लावला.

पारदर्शक पिशवीतली ती पुंगळी मी टेबलावर उजेडात धरली. बुडाला शेपूट होतं, आमचंच. मग मी बूड सोडून बाकीची पुंगळी बघायला लागले. काठाखालच्या खाचेत पितळेवर गोल फिरलेली बारीक रेघ होती, घासून घासून पडलेली. प्लास्टिक एका अंगानं लाल आणि दुसऱ्या अंगानं पार विटून गुलाबी झालेलं. आणि तोंडातून आत बघितलं, तर वाळलेली माती.

ती रेघ बघितली आणि मला डाळिंबाची बाग आठवली. पोपट फळं फोडायचे म्हणून मी आणि आई रिकाम्या पुंगळ्या काठाखाली तार गुंडाळून झाडांमधून टांगायचो. वाऱ्यानं एकमेकींवर आपटून वाजायच्या. पुढं तेल्या रोगानं बाग गेली, जेसीबीनं झाडं उपटली आणि तारांसकट माळाच्या बांधावर त्यांचा ढीग लावला. तो ढीग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि सगळे तो विसरले होते. एकटे आबाच विसरतात असं नाही.

मी हे सांगितलं. साहेब म्हणाले, "रेघ कशानेही पडू शकते."

"आणि आतली माती?"

"पावसाने गेली असेल."

"पावसाची माती भिंती बांधत नाही साहेब. आत खोल्या आहेत बघा, रिकाम्या. कुंभारीण माशीचं घर आहे ते. ही पुंगळी तीन दिवसांपूर्वी उडाली म्हणता, मग कुंभारणीनं तीन दिवसांत घर बांधलं, संसार केला आणि तिची पोरं उडूनही गेली का?"

तात्या पुटपुटले, "आगं, जरा दमानं."

"दम तुमीच धरा. ह्या कागदावर सही हुणार न्हाय." मी आबांच्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, आधी ढीग बघायला चला. नाही आलात, तर मी इथंच बसते. दुकान आज बंदच आहे."

साहेब आले. त्यांना यायचं नव्हतं, पण मला त्यांच्या कचेरीत बसलेलं बघायचं त्याहूनही नव्हतं. त्या ढिगातल्या काटेरी फांद्या मी स्वतः ओढल्या, हात रक्ताळले. खाली तार निघाली, आणि तारेला आमच्या पुंगळ्या. कुणी तुटून गवतात पडलेली, कुणी अजून लोंबणारी. एका अंगानं गुलाबी, गळ्याला रेघ, बुडाला शेपूट. निम्म्यांत माती. साहेबांनी एक उचलली, पिशवीतल्या पुंगळीशेजारी धरली आणि या वेळी सगळीकडून फिरवून बघितली. चिंकारा कुणी मारला ते मला ठाऊक नाही. ते शोधायचा पगार मला मिळत नाही.

साहेबांनी कोरा कागद काढला. "तरी आजोबा, त्या संध्याकाळी तुम्ही इथे आला होतात की नाही, हे तुम्हालाच सांगावं लागेल. नीट आठवा."

"त्यास्नी काय आठवतंय सायेब," तात्या म्हणाले, "मी सांगतो, तुमी—"

"तू गप ऱ्हा," आबा म्हणाले. दोन दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. ते ढिगाकडं बघत होते, मग साहेबांकडं वळले. "मी उसाच्या वरल्या अंगाला हुतो. बार काढला, पुंगळी खिशात टाकली, घरला आलो. हिकडं फिरकलो न्हाय. लिवा. इसरतो मी, न्हाय म्हणत न्हाय. पण जे केलं न्हाय, त्ये तुमी सांगितलं म्हणून मला आठवायचं न्हाय."

साहेबांनी लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं केला. आबांनी पेन घेतलं नाही. "आधी वाचून दावा," म्हणाले.