फुसीआत्याचं मागणं

पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरच्या आम्हा लोकांत आत्याने मागितलं की नाही म्हणायचं नसतं. ऑकलंडची माझी फुसीआत्या मात्र नुसती देत सुटायची. चर्चमध्ये देणगी पुकारली की हिचा हात वर, मग आठवडाभर चहा-पाव.

मी कॉलेजात होतो. बँक माझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून देत होती. मी ऐटीत तिला म्हणालो, "आता घरातल्या लग्नामयताला आहेराची डुकरं, चटया, सगळं माझ्याकडून!"

"गाढवा, मर्यादा वाढली की सगळ्या आत्या मागतील. चर्चमध्ये पुकारलं की मीसुद्धा मागेन. मी कशी आहे ते मला ठाऊक आहे."

मग माझा हात धरून म्हणाली, "त्यापेक्षा आजच मागते. नको वाढवूस."

आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलं ते एवढंच.