रेजिनाबाईची जागा

भाईंदर पूर्वेला पंधरा वर्षं राहूनही मी उत्तनला कधी गेले नव्हते. घरापासून तासाभराचं अंतर, पण जवळच्या गावाला जायला माणसाला कारण लागतं. मला ते एका शब्दाने दिलं.

मी भाषांतरं करते. किनाऱ्यावरच्या गावांविषयीचा एक लांबलचक इंग्रजी अहवाल माझ्याकडे आला होता आणि त्यात पानोपानी ‘कस्टम’ होतं. लग्नाच्या पानावर त्याची रीत व्हायची, बंदराच्या पानावर जकात, बाजाराच्या पानावर गिऱ्हाइकी, कोर्टाच्या पानावर वहिवाट. काम देणाऱ्यांचा आग्रह असा, की एका शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द हवा. मलाही असं नीटनेटकं काम आवडतं, त्यामुळे चार दिवस मी त्या शब्दाशी भांडत बसले आणि घरात सगळ्यांवर चिडले.

शेवटी माझ्या मासळीवालीला, रेजिनाबाईला, विचारलं, “तुमच्या गावात काय काय रीती आहेत हो?”

ती कोलंबी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “रविवारी या, ताई. माझी जागा राहते का जाते ते ठरनार हाय. रीत म्हंजे काय ते तवाच बघा.”

जागा म्हणजे बोंबील सुकवायची जागा. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या दांड्या बांधतात आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगतात. कोणाची दांडी कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पण एक हंगाम जागा रिकामी राहिली, तर ती शेजारणीला जाते. गेल्या वर्षी रेजिनाबाईच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अख्खा हंगाम इस्पितळ आणि घर करत राहिली. किनाऱ्यावर गेलीच नाही. आता नवरा काठी घेऊन चालतो, पण होडीवर जाऊ शकत नाही. बंदरावरून घेऊन विकलेल्या ओल्या मासळीत फारसं सुटत नाही, घर चालायचं ते सुक्या मासळीवरच. जागा गेली तर काय, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी पश्चिमेहून बस धरली. मुर्धा, राई ही गावं मागे पडली. जुन्या कौलारू घरांच्या पाठीला पाठ लावून नव्या इमारती उभ्या होत्या, मधूनच मिठागराचा पांढरा तुकडा दिसायचा. कंडक्टरने विचारलं, “मॅडम, उत्तन में किधर? उत्तन लंबा है.” मी मोठ्या रुबाबात “बस उत्तन” म्हटलं आणि अर्थातच दोन स्टॉप आधी उतरले. मग उन्हातून चालत, विचारत, वासाचा माग काढत किनारा गाठला. पोचले तेव्हा नवी चप्पल हातात होती.

रेजिनाबाईने आधी घरी नेऊन खायला घातलं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं आंबट (चिंचेचं पातळ कालवण). तिचा नवरा खाटेवर बसून सारखा दाराकडे बघत होता. “पाटील आले काय?” त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती खेकसली, “आले का कलंल ना! जेवा गप!” तिचा स्वतःचा घास मात्र ताटातच होता.

चर्चमधली मिस्सा (रविवारची प्रार्थना) सुटल्यावर जमातीचे (गावकीचे) पाटील आणि आणखी चार माणसं किनाऱ्यावर आली. पाटील म्हातारे, मृदू बोलणारे. मी कोण ते कळल्यावर त्यांनी मासळीची एक उलटी पाटी झटकून मला बसायला दिली. “कागद न्हाय आमच्याकडं, बाई. वहिवाट हाय. म्हनून ती सांभालाला लागते. एकीला सोडली, का उद्या दुसरी मागनार.”

मला ते पटत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

शेजारच्या दांड्या इजाबेलबाईच्या. उंच, हाडकुळी बाई, डोक्याला रुमाल बांधलेला. तिच्या दोन मुलांच्या दोन होड्या, मासळी उदंड, जागा अपुरी. त्यातून ती आणि रेजिनाबाई बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कोण्या लग्नात कोणाला आधी वाढलं, यावरून बिनसलं होतं. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. रेजिनाबाईने पदर तोंडाशी धरला होता.

पाटलांनी विचारलं, “इजाबेल, गेल्या साली ही जागा रिकामी व्हती ना?”

“न्हाय,” इजाबेल म्हणाली.

पाटलांनी पुन्हा विचारलं.

“न्हाय म्हनलं ना! दर रविवारी मिस्सा झाली का हिच्या दांडीला मी चार बोंबील टांगत व्हते. इचारा पोरांना माझ्या.”

“पन ते बोंबील तुझे!”

“माझेच. रीत काय म्हनते? जागा रिकामी नको. बोंबील कोनाचे ते रीत इचारते काय?”

पाटील तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बरोबरची माणसंही हसली. “न्हाय इचारत,” पाटील डोळे पुसत म्हणाले. “जागा रेजिनाची.”

रेजिनाबाई हसली नाही. ती इजाबेलसमोर जाऊन उभी राहिली आणि बारा वर्षांनी पहिलं वाक्य बोलली, तेही ओरडून. “आनि मला सांगितलं न्हाय?”

“तू बोलत कुठं व्हतीस माझ्याशी?” इजाबेलही ओरडली.

मग दोघी रडल्या. मीही रडले, मला कोणी विचारलंही नव्हतं तरी.

नवऱ्याला सांगायला रेजिनाबाई धावतच घरी गेली. मला बसपर्यंत पोचवायला इजाबेलबाई आली. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, “गप्प राहिला असतात तर जागा तुम्हाला मिळाली असती.”

“मिलाली असती.” तिने डोक्याचा रुमाल सारखा केला. “पन मंग रोज सकाली बाजूला कोन? बोलत नसलो म्हनून काय झालं, ताई? ती खोकली तरी मला कलतं, आज हिला बरं न्हाय.”

बस रिकामीच होती. मी खिडकीशी बसले आणि तो अहवाल मनातल्या मनात मिटून टाकला. ‘कस्टम’साठी प्रत्येक पानावर तिथला तिथला शब्द लिहीन, काम देणारे काय म्हणायचं ते म्हणोत. त्याची मला आता फिकीर नव्हती. मन दुसरीकडेच अडकलं होतं.

घरी पोचले तेव्हा दुपार टळली होती. कुलूप उघडताना आमच्या मजल्यावरच्या इतर तीन दारांकडे माझं लक्ष गेलं. तिन्ही बंद होती. पंधरा वर्षं मी इथे राहते, आणि या तीन घरांत माझं कुणाशी भांडणसुद्धा नाही.