फोडलेला टॅपेट

मिस्त्रीकाकांनी इंजिनातून काढलेला खराब भाग मालकाला कधी धड परत दिला नाही. आधी ऐरणीवर ठेवायचे, घण हाणायचे आणि मग तुकडे हातावर टेकवायचे. "घे तुजी अमानत." मालक शिव्या घालत, काका दुपटीने परत करत. कारण बोईसरमध्ये झिजलेला भाग दगडावर घासून, चकचकीत करून, नव्या खोक्यात घालून पुन्हा ट्रकमध्ये बसवणारे महाभाग आहेत. तो ट्रक पुढे वाघोबाच्या घाटात मेला, तर मरणारा ड्रायव्हर असतो, खोकं विकणारा नसतो. म्हणून घण.

आणि या माणसाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स नाक्यावर लागतो, त्यावर लिहितात काय? 'मितभाषी, शांत, सर्वांशी जुळवून घेणारे.' कोणाला सांगताय? काका बोलायला लागले की समोरचा पानवाला रेडिओ बंद करायचा. आणि जुळवून घेणारे? खाली 'शोकाकुल' म्हणून ज्या ट्रान्सपोर्टवाल्या शेठचा फोटो आहे, काकांच्या फोटोपेक्षा मोठा, त्याच्याशी तर ते मरेपर्यंत भांडले.

काका मूळचे इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचे. घरची वाडी भावांवर सोपवून एमआयडीसीच्या रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून बसले. आम्ही युनियनवाले कामगारांची पत्रकं वाटायला जायचो, तर माझं नावच पाडलं 'पत्रकवाली'. प्रत्येक पत्रक चष्मा पुसून वाचत आणि तोंडावर फेकत. "जाहीर निषेध, तीव्र निषेध... अगं, टकटक कुठून येते ते लिव ना! नुसता हॉर्न काय वाजवतेस?" मला राग यायचा. पुढचं पत्रक मात्र मी आधी त्यांनाच दाखवायची.

टॅपेटचं काम असलं की शेडमध्ये कोणी हसायचं नाही. टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडी दट्ट्या. खाली कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो, तो याला उचलतो, हा वर व्हॉल्व्ह उघडतो. काका वरच्या सळ्या, म्हणजे पुशरॉड, काढत, बाजूचं झाकण खोलत आणि एकेक टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडत. ज्या भोकातला टॅपेट, त्याच भोकात परत गेला पाहिजे. ट्रेला कोणाचा हात लागला की गरजत, "उबवायला ठेवलीत, हलवू नको!" नवा टॅपेट ऑइल लावून सोडला की बोटाने फिरवून बघत. "फिरला पायजे. नाय फिरला तर सोता मरतो नि कॅमलाबी मारतो."

शेठचा ॲसिडचा टँकर घेऊन गंगाराम आला तो इंजिनातल्या अशाच टकटकीसाठी. गंगाराम जव्हारकडचा, भाड्याची खोली वाणगावला, घरात कमावता तो एकटा. काकांनी टॅपेट काढून उजेडात धरला. तळ खड्ड्याखड्ड्यांचा, आणि खड्ड्यांच्या मधे दगडावर घासल्याच्या रेघा. घासून विकलेला जुना माल. शेठच्याच माणसाने आधी कधीतरी बसवलेला.

मॅनेजर मोटरसायकलवरून उतरलाच नाही. "मिस्त्री, यही वापस डालो, स्क्रू टाइट करो. आवाज बंद होना चाहिए, बस."

"आवाज बंद व्हईल," काका म्हणाले, "नि पुढं व्हॉल्व्ह जळल. भरला टँकर घाटात मागं आला तर तू लावशील का रं खांदा?"

आणि नेहमीसारखा टॅपेट ऐरणीवर ठेवून त्यांनी घण हाणला. दोनच घावांत चुरा. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुकडे मॅनेजरने हातात घेतलेच नाहीत, ते भंगारवाला घेऊन गेला.

शेठने टँकर ओढून दुसऱ्या गॅरेजला नेला आणि गंगारामला कामावरून काढलं. का? म्हणे ऑइल न बघता गाडी हाणली, म्हणून टॅपेट खाल्ला गेला. आम्ही गंगारामला घेऊन ऑफिसात धडकलो. काकांनी टेबलावर थाप मारली. "घासलेला माल होता! मी डोळ्यांनी बगितला!"

शेठ हसला. "मग दाखवा ना, मिस्त्री. कुठाय?"

काय दाखवणार? सगळ्या एमआयडीसीत एकच माणूस असा होता जो खोटा माल परत वापरता येऊ नये म्हणून फोडायचा, आणि त्याच सवयीने त्या माणसाने गंगारामचा पुरावा फोडला होता. त्या ऑफिसातलं हसू आठवलं की आजही माझ्या मुठी वळतात.

बाहेर आल्यावर काका पहिल्यांदाच हळू बोलले. "गंगाराम, घण माजा व्हता. बाकी आमी काय बोलू?"

गंगाराम म्हणाला, "काका, तुमी नसता फोडला तर मी घाटात फुटलो असतो." आता तो रिक्षा चालवतो.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी घण उचलला नाही. "आता फोडायचा नाय. टांगायचा." शेडच्या दारात तार बांधली. खराब टॅपेट, जळके व्हॉल्व्ह, घासलेले बेअरिंग, सगळं तारेला, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर. शेठचे ड्रायव्हरही गपचूप इथेच गाड्या आणत, त्यामुळे तारेवर नंबर जास्त त्याच्याच गाड्यांचे. येणारा-जाणारा ड्रायव्हर थांबून वाचायचा आणि नंबर बघून गाडीत बसायचा की नाही ते ठरवायचा. मग रस्ता रुंद करायचा आहे असं अचानक ठरलं आणि नेमकी एवढीच एक शेड आडवी आली! रस्ता अजून तेवढाच आहे. काका माहीमला परत गेले, वाडीतले पाण्याचे पंप दुरुस्त करत राहिले, आणि गेल्या महिन्यात गेले.

फ्लेक्स लागला त्या दुपारी गंगाराम रिक्षा घेऊन नाक्यावर आला. सीटखालून ती तार काढली. शेड पाडली तेव्हा त्यानेच ती उचलून ठेवली होती. फ्लेक्सच्या खांबाला त्याने ती बांधली, बरोबर शेठच्या हनुवटीखाली.

मॅनेजर धावत आला. "ये क्या लटकाया है?"

"मिस्त्रीकाकांचं सामान हाय," गंगाराम म्हणाला. "नंबर वाच. तुमच्याच गाड्यांचे हायत."

चहावाले, रिक्षावाले, शिफ्ट सुटलेले कामगार वाचायला लागले. मॅनेजरने तार सोडायला हात घातला, पण भोवतालची माणसं बघून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसांनी स्वतःचाच फ्लेक्स उतरवून नेला. तार खांबालाच आहे.