बायच्या सात कॅसेटी

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळत आलो. बायकोलाही सांगितलं नाही. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, त्यामुळे वेळ मिळाला नाही असंही म्हणता येत नाही. लाज वाटत होती, एवढंच.

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचो. मूळचा साताऱ्याकडचा. नोकरी संपल्यावर नावड्याला भाड्याने राहायला आलो, ते एका आगरी कुटुंबाच्या इमारतीत. तळमजल्यावर मालकीणबाई राहायची. सगळं गाव तिला बाय म्हणायचं, मीही म्हणू लागलो. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, आणि मला ‘भाव’, म्हणजे भाऊ, म्हणायची.

कॉम्प्युटरचं वेड मला पन्नाशीत लागलं. त्यातही संगीताचं. जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या, त्यातली खरखर काढायची, गाणी वेगवेगळी करायची, प्रत्येक फाईलला नीट नाव आणि क्रमांक द्यायचा. सकाळी चहा झाला की मी हेडफोन लावून बसायचो, ते जेवायला हाक येईपर्यंत. बायको म्हणायची, “गाणी ऐकता की गाण्यांना इस्त्री करता?” मी हसायचो, पण मनातून मला ती इस्त्रीच आवडायची. गाण्यापेक्षाही गाण्याच्या आधीची स्वच्छ शांतता मला आवडायची.

बाय ही धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी जिच्या गाण्यावर चालतात, ती बाई. नातवंडांच्या लग्नांत डीजे आल्यावर तिला कोणी फारसं बोलवेना. पण तिच्या नवऱ्याने तिची गाणी कॅसेटवर भरून ठेवली होती. सात कॅसेटी. ते वारले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एक दिवस बाय त्या कॅसेटी पिशवीत घालून जिना चढून आली.

“भाव, टेप बिगारलाय. तुज्या मशीनवर ऐकाला येतील का?”

“येतील बाय. आता या कधीच खराब होणार नाहीत. एकदा डिजिटल झालं की अमर.”

हे मी अगदी असंच म्हणालो होतो.

त्या कॅसेटींत एक गंमत होती. लग्न नसताना धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गायचा नाही असं बाय मानायची. म्हणून तिचा नवरा प्रत्येक गाण्याआधी खोटंखोटं लग्न लावायचा. टेपचं बटण दाबल्याचा खटका ऐकू यायचा आणि मग त्यांचा बसका आवाज, “हां, नवरी बसली पाटाव. गा.” दुसऱ्या गाण्याआधी, “मांडवान पावने आले, लवकर गा.” एकदा तर, “नवरा रुसलाय, गा गं बाय, नायतं जाईल परत.” त्यावर ती हसायची, खोकायची, आणि मग गायला लागायची.

हे सगळं मी ऐकलं होतं. हसूही आलं होतं. आणि ते सगळं मी कापून टाकलं.

त्यात माझा दुष्टपणा नव्हता. मला वाटलं, ऐकणाऱ्याला गाणं हवंय. गाणं पहिल्या शब्दाला सुरू व्हावं आणि शेवटच्या शब्दाला संपावं. बाकीचं सगळं माझ्या लेखी खरखरीतच जमा. फाईल लहान करणारे प्रोग्राम कानाला न कळणारं तेवढंच काढून टाकतात म्हणे. पण ते कोणाच्या कानाला कळत नाही, हे त्यात कुठेच विचारलेलं नसतं. मीही विचारलं नाही. बेचाळीस गाणी झाली, स्वच्छ. डिस्क भरत आली होती म्हणून न कापलेल्या मूळ फाईली पुसल्या. कॅसेटींना बुरशी आली होती, त्या भंगारवाल्याला दिल्या. बायला विचारलंही नाही.

पेनड्राईव्ह आणि एक छोटा स्पीकर घेऊन मी खाली गेलो. बाय ओट्यावर मासळी साफ करत होती. हात धुऊन बसली. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं. ती गाण्याकडे लक्षच देत नव्हती, दोन गाण्यांच्या मध्ये कान टवकारत होती. चौथ्या गाण्यानंतर म्हणाली, “भाव, ह्यांचा आवाज कुठं गेला?”

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर ती रागावली असती, रडली असती. पण मला माझं काम बिघडलेलं दिसायला नको होतं. मी म्हणालो, “बाय, टेपमध्ये नुसती गाणीच होती.”

“नाय रं. दर गान्याआधी बोलतात ते. नवरी बसली म्हनतात.”

“नाही बाय. मी सगळ्या ऐकल्या.”

 ती पुन्हा मासळीकडे वळली.

चार दिवसांनी तिचा मुलगा वर आला. बांधकामाचा धंदा होता त्याचा, कायम घाईत असायचा. दारातच म्हणाला, “काका, आईच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना झालीय. म्हणते, बाबा टेपात बोलायचे, पाटावर नवरी बसली म्हणायचे. लग्नच नाही तर नवरी कुठली? मी काही त्या कॅसेटी कधी ऐकल्या नाहीत, तुम्ही तर सगळं ऐकलंय. असं काय होतं का?”

दुसरी संधी होती ती. मी म्हणालो, “नाही.”

“मला वाटलंच. वय झालं आता.”

त्याने तिला वाशीला डॉक्टरकडे नेलं. विसरण्याच्या आजाराची शंका आहे म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. घरात तिच्या हातून गॅस काढून घेतला, कपाटाची किल्ली सुनेकडे गेली. तिने एखादी जुनी गोष्ट सांगितली की नातवंडं एकमेकांकडे बघायची. तीही मग सांगता सांगता मध्येच थांबायला लागली.

एकदा जिन्यात भेटली. माझा हात धरला आणि म्हणाली, “भाव, मी तुज्याव उगाच आल घेतला. माजाच डोका चालत नाय आता. राग नको धरूस.”

तिने माझी माफी मागितली. मी “असू दे बाय” म्हणालो. असू दे!

त्यानंतर कितीतरी वेळा वाक्य जुळवून खाली गेलो. दर वेळी काहीतरी दुसरंच करून आलो. एकदा तिच्या मोबाईलचा आवाज वाढवून दिला, एकदा टीव्हीचा रिमोट नीट केला. गेल्या वर्षी ती गेली. बाराव्याला मांडवात माझ्या बेचाळीस फाईली लावल्या होत्या, एकापाठोपाठ एक, मध्ये कुठेही खोकला नाही, हसू नाही. मुलाने सगळ्यांसमोर माझ्या अंगावर शाल घातली. “काकांमुळे आईचा आवाज राहिला,” म्हणाला. मी हात जोडले.

आता मशीनला नमुना दिला की मेलेल्या माणसाचा आवाज बनवून देतं म्हणतात. माझ्याकडे बायच्या नवऱ्याचा नमुन्यापुरताही शब्द उरलेला नाही. असता तरी ज्या कानांना तो हवा होता, ते गेले. हे लिहून झाल्यावर मुलाला वाचायला देणार आहे. त्याच्या आईला गोळ्यांची गरज कदाचित नव्हती, हे त्याला कळायला हवं. पण माफी त्याची मागून भागणार नाही. जिची मागायची होती, तिच्यासाठी जुळवलेलं वाक्य मला अजून पाठ आहे.

बाय, तुमचं डोकं ठिकाणावर होतं. ते दर गाण्याआधी बोलायचे. मी ऐकलं होतं. मीच कापलं, आणि मीच नाही म्हणालो. मला माफ करा.